दिवेलागणीनंतरचं विरजण

बडोद्यातल्या हरणीच्या सुरम्य हाइट्समध्ये कुणाच्या घरी काय चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर त्या घरच्यांना विचारण्यापेक्षा निरुपमा आठल्ये यांना विचारणं सोपं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात त्या तांदूळ निवडत बसत. हल्ली तांदूळ निवडलेलेच येतात हे त्यांना ठाऊक होतं. पण बाई नुसती दारात बसली की लोक नावं ठेवतात आणि मांडीवर ताट असलं की ठेवत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. सोसायटीतल्या तरुण मंडळींनी त्यांचं नाव सीसीटीव्ही ठेवलं होतं. सोसायटीचे खरे कॅमेरे बहुतेक वेळा बंद असल्यामुळे या नावात थोडा आदरही होता.

निरुपमाबाई नागरवाड्यात वाढल्या. तिथे समोरच्या घरातल्या फोडणीचा ठसका आपल्या घरात लागायचा आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. पुढे बडोद्यातच युनिव्हर्सिटीतून होम सायन्सची पदवी घेतली. ती पदवी घेताना 'गृह' म्हणजे फक्त स्वतःचं घर, असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. यजमान मुकुंदराव रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले होते आणि बोलण्याच्या बाबतीतही निवृत्तच होते. मुलगा अभिजित पुण्याला. एका मुलाच्या मानाने बाईंची काळजी करण्याची ताकद फार मोठी होती. रोजच्या फोनमध्ये तिचा थोडासाच भाग खपायचा, उरलेली त्या सोसायटीत वाटून टाकत.

सोसायटीला या काळजीचा फार कंटाळा होता. तिथे काळजी करण्याची एक ठरलेली पद्धत होती. आदल्या वर्षी बी विंगमधल्या एका तरुणाने जीव दिला, तेव्हा ती पद्धत सगळ्यांना पाहायला मिळाली. पहिले काही दिवस सगळे "कित्ती हसतमुख होता" म्हणाले. मग कम्पाउंडमध्ये शांतिहवन झालं. मग अहमदाबादहून एक वक्ते आले आणि 'विचार बदला, नशीब बदलेल' या विषयावर माइक हातात घेऊन फेऱ्या मारत बोलले. त्या तरुणाची आई पहिल्या रांगेत बसली होती. नशीब बदलण्याचे उपाय ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते फक्त निरुपमाबाईंनी पाहिलं, कारण बाकीचे व्हिडिओ काढत होते. शेवटी लिफ्टमध्ये एक पिवळा हसरा चेहरा चिकटवण्यात आला, आणि फ्लॅटचे भाव पडू नयेत म्हणून या विषयावर कुणी बाहेर बोलू नये, असं ठरलं. तेवढा एकच ठराव सुरम्य हाइट्सने आजवर तंतोतंत पाळला आहे.

चेअरमन होते फत्तेसिंहराव जगदाळे. त्यांचे पणजोबा संस्थानी दरबारात कारभारी होते, आणि त्या कारभाराचा उरलेला भाग फत्तेसिंहराव पार्किंगमध्ये चालवत. महाराजांच्या वेळी जे होतं ते आता नाही, हे त्यांचं पाण्याच्या टाकीपासून पाहुण्यांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यावरचं मत होतं. आरोग्य खात्याने आत्महत्या आणि घरगुती हिंसा रोखण्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं आणि प्रत्येक सोसायटीतून एक माणूस बोलावला, तेव्हा त्यांनी अर्थातच स्वतःचं नाव दिलं. सर्टिफिकेट होतं, फोटो होता. पण त्याच दिवशी मेहुण्याकडे लग्न निघालं.

"निरुपमाताई, तुम्ही जा," ते म्हणाले. "लोकांच्या घरात डोकावायची हौस तुम्हाला आहेच. आता सरकारी खर्चाने डोकावा."

बाई गेल्या. जेवण आहे असं कळलं होतं, हे त्यांनी नंतर मान्य केलं. शिकवायला एक तरुण डॉक्टर मुलगी होती, अभिजितपेक्षाही लहान दिसणारी. ती म्हणाली, "डेंग्यू आला की आपण काय करतो? ताप येईपर्यंत थांबत नाही. घरोघरी जाऊन कूलर बघतो, कुंड्या बघतो. हेही तसंच आहे. लक्ष ठेवायचं. शंका आली तर सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, असलेलं बाहेर येतं. माणसाला एकटं सोडायचं नाही, धोक्याची वस्तू हाताशी राहू द्यायची नाही, आणि मदतीपर्यंत पोचवायचं." निरुपमाबाईंना गहिवरून आलं. लोक ज्याला भोचकपणा म्हणत आले त्याला इंग्रजीत एक नाव आहे, त्याचा अभ्यासक्रम आहे आणि दुपारी श्रीखंड आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तर अशा रीतीने शस्त्र परजून बाई घरी आल्या, आणि त्यांच्या डोक्यावरच, म्हणजे चौथ्या मजल्यावर, कर्णिकांचं घर होतं.

कुणाल कर्णिक एका कारखान्यात इंजिनियर होता. लिफ्टमध्ये भेटला की वाकून "जय श्री कृष्ण काकी, केम छो?" म्हणणारा, बायकांच्या हातातल्या पिशव्या धरणारा. सोसायटीत त्याच्याइतका सालस मुलगा नाही, असं सगळ्यांचं मत होतं. त्याची आई शालिनी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आणि बायको आकांक्षा, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, नोकरी सोडलेली, हल्ली फारशी खाली न दिसणारी. संध्याकाळी कुणाल कामावरून आला की काही वेळाने निरुपमाबाईंच्या छतावर काहीतरी आपटायचं. मग एक आवाज यायचा, तो कशाचा ते समजायला पदवी लागत नाही. मग वरचा टीव्ही मोठा व्हायचा. मग शेजारच्यांचे टीव्ही मोठे व्हायचे. कुणालचा हात उठला की सगळ्या मजल्याला एकदम बातम्या ऐकायची आवड उत्पन्न व्हायची.

निरुपमाबाईंनी विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला.

"ती घरातली बाब आहे," फत्तेसिंहराव म्हणाले.

"कूलरमधलं पाणीही घरातलंच असतं. म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन त्यात टॉर्च मारतो, तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजता."

"तो डेंग्यू आहे, निरुपमाताई!"

"मग हा काय सर्दी-पडसं आहे?"

शालिनीबाई मीटिंगला होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे भांडी पडतात. सुनेला सवय नाही ने, हातातून निसटतात." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. भांड्यांना चेहऱ्यावर निळं उमटवता येतं का, असं विचारण्याची इच्छा बाईंना झाली, पण मुकुंदरावांनी कोपराने डिवचलं.

त्या संध्याकाळी वर पुन्हा भांडी पडली. निरुपमाबाईंनी एक वाटी उचलली, जिना चढल्या आणि कर्णिकांची बेल दाबून धरली. बराच वेळ. दार कुणालने उघडलं. केस विस्कटलेले, हसू नीट बसलेलं.

"जरा विरजण हवं होतं रे."

आतून शालिनीबाई आल्या. "निरुपमाताई! दिवेलागणी झाल्यावर विरजण? घरातून दही देत नाहीत या वेळी. तुम्हाला माहीत नाही?"

"हो का? का बरं देत नाहीत?"

हा प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेला विचारलेला होता. शालिनीबाईंनी लक्ष्मी सांगितली, आपल्या सासूबाई सांगितल्या, नागरवाड्यातल्या कुणा बाईने एकदा दिलं होतं तेव्हा तिच्या घराचं काय झालं तेही सांगितलं. निरुपमाबाई दाराची चौकट धरून शंका विचारत राहिल्या. ताक चालतं का? दूध? मीठ? परजातीच्या माणसाला दिलं तर? कुणाल मागे उभा राहून घामेजला, मग थंड झाला, मग कंटाळून आत गेला. आकांक्षा स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. तिने बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे. वाटी तिथेच विसरून निरुपमाबाई खाली आल्या. त्या रात्री वर शांतता होती.

झालं. उपाय सापडला म्हणताना बाई थांबेनात. भांडं पडलं की वाटी, वाटीमागून वाटी. सोसायटीत हसू झालं. "होम सायन्स शिकलेली बाई, पण घरात दही लागत नाही." कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दह्याच्या डब्याचं चित्र टाकलं, त्याला फत्तेसिंहरावांनी अंगठा दिला. मुकुंदराव म्हणाले, "अगं, रोज नवीन वाटी नेतेस, आपल्याला वरण कशात वाढणार आहेस?" बाईंनी मात्र मनातल्या मनात स्वतःला सर्टिफिकेट देऊन टाकलं होतं. आवाज कमी झाले होते ना! आवाज कमी झाले म्हणजे मार कमी झाला, असा हिशोब त्यांनी मांडला. दार बंद करून, उशी तोंडावर धरून, हळू आवाजातही पुष्कळ काही करता येतं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आणि इतक्या वेळा वर जाऊनही ज्या मुलीसाठी त्या जात होत्या तिच्याशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलणं सगळं दह्याविषयी, तेही सासूशी.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी बडोद्यात जमिनीवर कुणी राहत नाही. सुरम्य हाइट्सची गच्ची सकाळपासून भरली होती. स्पीकर, चिक्की, उंधियुं, जिलबी आणि पतंग कापला की "काप्यो छे!"ची आरोळी. कुणाल बोटांना पट्ट्या गुंडाळून सगळ्यांच्या पुढे होता. शालिनीबाई छत्रीखाली तिळाचे लाडू वाटत होत्या. गुडघ्यांमुळे निरुपमाबाई खालीच होत्या, आणि दुपार उतरताना त्यांच्या दाराची बेल वाजली.

आकांक्षा होती. केस नीट विंचरलेले, चांगला ड्रेस. हातात एकात एक घातलेल्या बाईंच्या सगळ्या वाट्या, घासूनपुसून, वरच्या वाटीत साखर. आणि एक काचेची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली.

"काकू, तुमच्या वाट्या. आणि हे विरजण. आता तुम्हाला मागायला यायला नको."

ती हसली, तिळगूळ हातावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि जिन्याने वर गेली.

निरुपमाबाईंना जे वाटलं ते सांगायला हवं. त्यांना अपमान वाटला. "बघितलंत?" त्या मुकुंदरावांना म्हणाल्या. "इतकं केलं तिच्यासाठी, आणि तीच तोंडावर सांगून गेली, येऊ नका म्हणून. सासूने पाठवलं असणार. पुन्हा या लोकांच्या दारात पाय ठेवणार नाही मी."

"बरं झालं," मुकुंदराव पेपरातून म्हणाले. "पण बरणीभर दिलं हो. एवढं विरजण कोण देतं?"

बाई बरणी फ्रिजमध्ये ठेवायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या. खरंच, कोण देतं? विरजण चमचाभर द्यायचं असतं. दुसऱ्या दिवशीसाठी स्वतःपुरतं ठेवूनच द्यायचं असतं. बरणीभर तोच देतो, ज्याला उद्या स्वतःचं दूध विरजायचं नाही. आणि इतके महिने खाली न उतरलेली मुलगी आज वाट्या परत करून, नमस्कार करून, हसून गेली. त्या डॉक्टर मुलीने सांगितलं होतं की फार दुःखी माणूस एकाएकी शांत झाला, वस्तू देऊ लागला, देणंघेणं मिटवू लागला, तर बरं वाटतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. तेव्हा बाई श्रीखंडाच्या रांगेचा विचार करत होत्या.

गुडघे दुखणारी बाई इतक्या झटक्यात चौथ्या मजल्यावर कशी पोचली ते मुकुंदरावांना अजून कळलेलं नाही. बेल वाजवली. दार वाजवलं. वर गच्चीवर ढोल चालू होता. "आकांक्षा, दार उघड, नाहीतर मी इथे पडेन आणि तुलाच मला दवाखान्यात न्यावं लागेल!"

दार उघडलं.

"काय झालं काकू? विरजण आंबट आहे का?"

प्रशिक्षणात हे सगळं कसं हळुवार बोलायचं ते शिकवलं होतं. बाईंना त्यातलं एक वाक्य आठवेना. गॅसचा नंबर लावलास का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू जीव द्यायचं ठरवलंयस का गं?"

वर पुन्हा कुणाचा तरी पतंग कापला गेला. आकांक्षाचं हसू जागच्या जागी राहिलं, पण मागून चेहरा निघून गेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बरणीने. मी विचारतेय ते सांग."

"हो," ती म्हणाली. आणि मग होती तिथेच खाली बसली.

निरुपमाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. असं काही करू नकोस म्हणाल्या नाहीत, आईवडिलांचा विचार कर म्हणाल्या नाहीत, आयुष्य सुंदर आहे असं तर मुळीच म्हणाल्या नाहीत, त्याचा पिवळा चेहरा लिफ्टमध्ये लावलेला होताच. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्याच्या घरात बसून गप्प राहिल्या, आणि आकांक्षा बोलत गेली. बोलता बोलता दंडावरची बाही वर सरकली, तेव्हा आवाज कमी का झाले होते ते बाईंना कळलं. त्यांनी मान खाली घातली नाही. पाहिलं सगळं.

"काही जमवून ठेवलंयस?"

आकांक्षाने कपाटाकडे बोट केलं. तिथे होतं ते बाईंनी न बघता पिशवीत भरलं, तिचा हात धरला आणि तिला आपल्या घरी आणलं. पिशवी मुकुंदरावांकडे दिली. "हे हिच्या हाताला लागता कामा नये. विचारू नका काय आहे." चाळीस वर्षांच्या संसारात मुकुंदरावांना जी सूचना पाळणं सोपं जायचं, ती हीच.

मग फोन लागला १४४१६ ला, मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला. पलीकडची बाई गुजरातीत बोलत होती, आकांक्षा मराठीत रडत होती, कुणाचं काही अडलं नाही. मग १८१, बायकांच्या मदतीचा. त्यांची गाडी येईपर्यंत आकांक्षाने स्वतः नागरवाड्यात आईला फोन केला. स्पीकर चालू होता. तिच्या आईने, अहल्याबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज सणाचा दिवस आहे गं. उद्या वासी उत्तरायण, तोही सणच. दोन दिवस काढ, मग तुझे बाबा बोलतील त्यांच्याशी." त्या वाईट बाई नव्हत्या. मुलीचा संसार टिकावा म्हणून त्या दर सोमवारी उपास करत. मुलगी टिकावी म्हणून काय करतात, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"नको आई, राहू दे," म्हणून आकांक्षाने फोन ठेवला.

गाडी येणार असल्याची बातमी गच्चीवर पोचायला वेळ लागला नाही. आधी कुणाल उतरला, गॉगल डोक्यावर. "काकी, काहीतरी गैरसमज होतोय. आकांक्षा, चल घरी. सगळे बघतायत."

निरुपमाबाई दारात उभ्या राहिल्या, ताट न घेता. "ती इथे आहे. तिला यायचं असेल तर येईल. नाहीतर तू जा, तुझा पतंग बघ."

शालिनीबाई मागून आल्या. "सणासुदीला दुसऱ्याच्या घरात आग लावायची! वाटीच्या निमित्ताने हेच चाललं होतं ना तुमचं?"

"हो," निरुपमाबाई म्हणाल्या. "हेच चाललं होतं."

सर्वांत शेवटी फत्तेसिंहराव आले. त्यांनी परिस्थितीचं गांभीर्य ताबडतोब ओळखलं. "निरुपमाताई, गाडी मागच्या गेटने घ्यायला सांगा. पुढून रस्त्यावरच्या लोकांना दिसते."

यावर मुकुंदरावांनी पेपर खाली ठेवला. "पुढूनच येईल," ते म्हणाले. एवढंच, पण ते ऐकून खुद्द निरुपमाबाईसुद्धा दचकल्या.

गाडीतून आलेल्या समुपदेशक बाईने आकांक्षाला बाजूला बसवून विचारलं, कुठे जायचंय. इतक्या लोकांमध्ये हे विचारणारी ती पहिलीच. आकांक्षा म्हणाली, "इथे नाही आणि नागरवाड्यातही नाही." ती त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि निरुपमाबाईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं त्या म्हणतात.

सोसायटीचं त्यानंतर फारसं काही बिघडलं नाही. त्या वर्षीचं उत्कृष्ट पतंगबाजाचं बक्षीस कुणालला मिळालं. नाव आधीच कोरून आलं होतं, आता काय करणार, असं फत्तेसिंहराव म्हणाले. आकांक्षाने केलेल्या केसच्या कोर्टात तारखा पडत आहेत. शालिनीबाई लिफ्टमध्ये निरुपमाबाईंकडे पाठ करून उभ्या राहतात आणि त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहतात. मीटिंगमध्ये ठराव झाला की सभासदांनी एकमेकांच्या खाजगी आयुष्याचा आदर करावा. दुसरा मुद्दा डासांच्या फवारणीचा होता, त्याला मात्र सगळ्यांनी दारं उघडी ठेवायची होती.

आकांक्षा आता शहराच्या दुसऱ्या टोकाला मकरपुऱ्यात राहते, एका नोकरी करणाऱ्या मुलीबरोबर खोली घेऊन. डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते, एका वर्कशॉपच्या ऑफिसात काम करते. काही दिवस चांगले जातात, काही नाही. निरुपमाबाई रोज संध्याकाळी फोन करतात आणि आडपडदा न ठेवता तोच प्रश्न विचारतात.

"आज तसलं काही मनात आलं का?"

"नाही काकू. आज मनात फक्त तुमचा राग आला."

"येऊ दे. जेवणार काय आहेस?"

एका संध्याकाळी तिने फोन उचलला नाही. पुन्हा केला, नाही उचलला. तिच्या खोलीतल्या मुलीचाही बंद. निरुपमाबाईंनी मुकुंदरावांना चपला घालायलाही वेळ दिला नाही, रिक्षा पकडली आणि हरणीपासून मकरपुऱ्यापर्यंत त्या रिक्षावाल्याला प्रत्येक सिग्नलवर शिव्या देत गेल्या. खोलीला कुलूप होतं. बाई जिन्यात उभ्या राहून बंद दाराला हाका मारत होत्या, शेजारचे लोक दार किलकिलं करून पाहत होते आणि पुन्हा लावून घेत होते. त्या प्रत्येक दाराकडे वळून बाईंनी विचारलं, "ती दिसली का? शेवटची कधी दिसली?" कुणाला माहीत नव्हतं. आमचा काय संबंध, असं एकाने आतूनच सांगितलं.

आणि मग खालून पावलं वाजली. आकांक्षा वर येत होती, केसांत गजरा, हातात फोन.

"काकू? तुम्ही? काका, पायात चप्पल नाही तुमच्या!"

"फोन का उचलत नव्हतीस?" निरुपमाबाई ओरडल्या.

"नाटकाला गेले होते. बंद ठेवावा लागतो तिथे." मग तिच्या लक्षात आलं, आणि ती चिडली. खरीखुरी चिडली, बाईंनी तिला असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "जिवंत माणसं जातात काकू कधीकधी नाटकाला! प्रत्येक वेळी असं धावत येणार आहात का तुम्ही?"

"हो."

निरुपमाबाई पायरीवर बसल्या. डोळ्यांना पदर लावावा लागला. आकांक्षा कुलूप काढून आत गेली आणि पाणी घेऊन आली. बाईंनी ते घटाघटा संपवलं, पेला परत दिला, श्वास जागेवर आणला, आणि मग तिच्या केसांतल्या गजऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कुणाबरोबर गेली होतीस गं?"